जी नावाचा रॅक

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. एक लांबट गाळा, त्यात ए ते एफ असे सहा रॅक आणि पुढे जाळीची खिडकी, एवढं माझं राज्य. कारागीर खिडकीशी यायचा, "साहेब, ते..." एवढंच म्हणायचा आणि मी वस्तू काढून त्याच्यासमोर ठेवायचो. पूर्ण वाक्य बोलायची वेळ मी कुणावर येऊ दिली नाही. लोक म्हणायचे, याला मनातलं कळतं. मला त्याचा गर्व होता आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे.

दुसरा गर्व माझ्या नियमाचा. एका मालाला एकच जागा. एकच बेअरिंग बी रॅकवरही आहे आणि डीवरही, असं कधी सापडलं तर मी दिवसभर चिडलेला असायचो. दोन ठिकाणी माल म्हणजे कुणीतरी कामचुकारपणा केला, असं माझं साधं गणित. एक जागा ठेवायची, दुसरी रिकामी करायची. या नियमाने कारखान्यात माझं नाव झालं आणि याच नियमाने घरात मी वाट लावली, ती हकीकत सांगतो.

दोन वर्षांपूर्वी बायकोला मेंदूचा झटका आला. कपडे धुता धुता ती मोरीतच पडली आणि हातातला फोन बादलीत गेला. जीव वाचला. उजवा हात आणि पाय हळूहळू थोडे वळणावर आले, पण बोलणं गेलं. म्हणजे तिला सगळं कळत होतं, चेहऱ्यावर सगळं दिसत होतं, फक्त शब्द तोंडापर्यंत येत नव्हता. ती मूळची वेसाव्याची, कोळ्याची मुलगी. बाजारात चार बायकांना एका आवाजात गप्प करणारी बाई कपाकडे बोट दाखवून रडायची, ते बघवत नव्हतं.

एक शब्द मात्र तिच्याकडे राहिला होता. अहो. लग्नापासून ती मला अहो म्हणत आली, तो शब्द इतका मुरलेला की झटक्यालाही उपटता आला नाही. पुढचे कितीतरी महिने तिने त्या एका शब्दावर घर चालवलं. वर गेलेला अहो म्हणजे दूध उतू चाललंय. लांबवलेला अहो म्हणजे टीव्हीचा आवाज कमी करा. तुटक अहो म्हणजे मी काहीतरी केलेलं आहे आणि ते तिला कळलेलं आहे.

पवईला एक बाई आहेत, बोलणं परत शिकवणाऱ्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण शिस्तीच्या. आठवड्यातून एकदा आम्ही रिक्षाने त्यांच्याकडे जातो. बाकीचे दिवस घरी सराव. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र यायचं, बायकोने त्याचं नाव म्हणायचं, आणि ते रेकॉर्ड होऊन तारखेसकट साठवलं जायचं. त्या फायली पवईच्या बाईंनी तिकडे ऐकायच्या आणि बोरिवलीला राहणाऱ्या आमच्या मुलीने ऑफिस सुटल्यावर तिच्या घरी. त्यासाठी सगळ्या फायली इंटरनेटवर ठेवायच्या असं ठरलं. बायकोचं तिथे आधीपासून खातं होतं, तिने भिशीच्या सहलींचे फोटो त्यात ठेवलेले होते. तेच वापरायचं ठरलं.

मला ते इंटरनेटवर ठेवणं काही जमेना. हे पान उघड, ते बटण दाब, मग फाइल ओढून आण. दोनदा मी एकच फाइल चढवली आणि एकदा विजेचं बिल चढवलं. पवईच्या बाईंनी ते बिल उघडून पाहिलंही. मुलगी वैतागली. "बाबा, थांब. मी तुला ते ड्राइव्हसारखंच लावून देते. सी आणि डी दिसतात ना तुला, तसाच अजून एक दिसेल. त्यात फाइल टाकायची, बाकी ते आपलं आपण वर जाईल."

एका रविवारी येऊन तिने ते बसवलं. बायकोचं खातं त्या कॉम्प्युटरवर आधीच उघडं होतं, त्यामुळे पासवर्ड विचारायचा प्रश्नच आला नाही. पडद्यावर सी होता, डी होता आणि खाली नवा जी. मी बघतच राहिलो. कारखान्यात माझं एफवर संपत होतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावर मला जी मिळाला. मी त्याला पहिल्या दिवसापासून जी रॅकच म्हणत आलो.

जाता जाता मुलगी म्हणाली, "तुझी सवय माहितीये मला, म्हणून डीमध्येही ठेवलंय. आईचा फोल्डर तिथूनही उघडेल." मी डी उघडला. खरंच, आईच्या नावाचा फोल्डर तिथेही होता आणि आत त्याच फायली. मला ते तेव्हाच टोचलं होतं. एक माल, दोन जागा. पण मुलगी घाईत होती, म्हणून गप्प बसलो.

दीड वर्ष हे उत्तम चाललं. मी वहीत प्रत्येक फायलीची नोंद ठेवत होतो, तारीख आणि चित्र कुठलं ते. दोनशे चौदा फायली झाल्या. त्या ऐकणं माझ्याकडे नव्हतं. स्टोअरकीपरने डबा उघडून बघायचा नसतो, जागेवर आहे एवढं बघायचं. ऐकायची ती. रोज सकाळी सरावाला बसण्याआधी डाव्या हाताने माउस सरकवत ती अगदी पहिली फाइल लावायची, कान देऊन ऐकायची, एकटीच हसायची आणि मग कामाला लागायची. मी तोवर स्वयंपाकघरात भाजी चिरत असायचो. आपण कुठून निघालो ते ती रोज बघून घेते, असं मी समजत होतो. तोंडात पंधरा-वीस शब्द आले होते. एके दिवशी तिने "बादली" म्हटलं, तेव्हा मी बादली घेऊन धावलो. तिला बादली नको होती, चित्र बादलीचं होतं.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी सगळा माल मोजायचो, रॅक पुसायचो, भंगार काढायचो आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला प्रत्येक रॅकला झेंडूची माळ. ती सवय मी घरीही सोडली नाही. पक्कड, कात्री, शिलाई मशीन, किसणीसुद्धा घासून ठेवतो. कॉम्प्युटर तर आता घरातलं मुख्य हत्यार. तो बाहेरून पुसून झाल्यावर मी म्हटलं, आतूनही झाडू. आधी इंटरनेटवर काय काय बघितलं त्याची साठलेली यादी पुसली, तिथे जे जे पुसायला मिळालं ते सगळं पुसलं. मग रॅककडे वळलो.

डीमध्ये आईचा फोल्डर, जीमध्ये आईचा फोल्डर. दोन्ही उघडून पाहिले, वही घेऊन मोजले. दोन्हीकडे दोनशे चौदा. म्हणजे पक्की डुप्लिकेट. आता ठेवायचा कुठला? डी आमच्या घरातल्या पत्र्याच्या डब्यात आहे, हात लावून दाखवता येतो. जी कुठेतरी हवेत. मी जीमधला फोल्डर काढून टाकला. ते यंत्र बिचारं विचारत होतं, नक्की का? मी म्हटलं, नक्की. मग केराची टोपली रिकामी केली, कारण भरलेली टोपली घेऊन दसरा करायची आमच्यात पद्धत नाही. आंघोळ करून कॉम्प्युटरला कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि समाधानाने जेवायला बसलो.

दसऱ्याला सरावाला सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात मला अहो ऐकू आला. तो कुठल्याच ओळखीच्या प्रकारातला नव्हता. मी गेलो. पडद्यावर लिहून आलं होतं की हा फोल्डर आता जागेवर नाही. मी डी उघडला, जी उघडला, पुन्हा डी उघडला. दोन्हीकडे काही नाही.

आणि मी खोटं बोललो. "नेट गेलंय गं. येईल." ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने भिंतीवरच्या नेटच्या डबीकडे बघितलं. डबीचे हिरवे दिवे छान लुकलुकत होते. चार दिवस मी तेच म्हणत राहिलो, आणि त्या चार दिवसांत फोनवर क्रिकेटही बघत होतो. बायको फक्त बोलत नव्हती, आंधळी नव्हती. पाचव्या दिवशी तिने सराव बंद केला. सहाव्या दिवशी तिचा अहोही बंद झाला.

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, आईचा फोल्डर रिकामा का दिसतोय? पवईच्या मॅडमनाही दिसत नाहीये. काय केलंस तू?" मी सांगितलं. मग ती शांतपणे बोलायला लागली, आणि ती शांतपणे बोलायला लागली की मला जास्त भीती वाटते.

"बाबा, जी हा रॅक नाहीये. ती खिडकी आहे, तुझ्या स्टोअरला होती तशी. माल दुसऱ्याच गोदामात आहे, तू खिडकीतून हात घालून तो उचलून फेकलास. आणि डीमध्ये होती ती नुसती चिठ्ठी, माल कुठे आहे ते सांगणारी. आता माल नाही म्हटल्यावर चिठ्ठी काय दाखवणार?"

हे तिने दीड वर्षापूर्वी सांगितलं असतं तर, असं माझ्या तोंडावर आलं होतं. सांगितलंही असेल. अर्ध्या शब्दात मला कळतं, त्यामुळे उरलेला अर्धा मी ऐकत नाही.

आशा एक होती. त्या गोदामाचीही स्वतःची केराची टोपली असते आणि टाकलेलं तिथे तीस दिवस राहतं. त्यातले सात गेले होते. पण ती टोपली उघडायला इंटरनेटवर जाऊन खात्याचा पासवर्ड द्यायला हवा. खातं त्या यंत्रावर उघडंच असायचं, ते मीच झाडताना बंद करून टाकलं होतं. ओळख पटवायला दिलेला फोन नंबर कधीकाळी बंद पडलेला. स्क्रीनचा फोन बादलीत गेलेला, आणि त्यानंतर आम्ही तिला बटणांचा साधा फोन घेतलेला. पासवर्ड कागदावर कुठेच नव्हता. तो एकाच ठिकाणी होता, बायकोच्या डोक्यात. एका मालाला एकच जागा.

मी त्या रात्री ठरवलं की तेवीस दिवस आहेत तर तेवीस दिवस दुसरं काही करायचं नाही. व्यायाम पवईच्या बाई नवे देतील. पण बायकोचा दीड वर्षाचा आवाज कुणी परत देणार नव्हतं, आणि तो नसेल तर ती पुन्हा तोंड उघडणार नव्हती. माझ्या हातून तिची वाचा दुसऱ्यांदा गेली असती, आणि या वेळी झटक्यावर खापर फोडता आलं नसतं.

सकाळी तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसलो. "नेट गेलं नव्हतं. मी फेकलं सगळं. डुप्लिकेट समजून." तिने डोळे मिटून घेतले. मी पुढचं सांगत गेलो, टोपली, तीस दिवस, पासवर्ड. माफी मागितली. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात ही बहुधा दुसरी असेल. तिने डोळे उघडले. मग उठली, डावा हात डोक्यावर नेला, काहीतरी धरल्यासारखा, आणि उजवा दुबळा हात कमरेवर टेकवायचा प्रयत्न केला.

"टोपली?" मी म्हटलं. "हो, केराची टोपली. तेच सांगतोय, त्या टोपलीत आहे सगळं."

तिने जोरात मान हलवली. पुन्हा डोक्यावर हात.

"डोकं दुखतंय? पंखा? टोपी?"

तिने हातातला पाण्याचा पेला जमिनीवर आपटला. स्टीलचा होता, वाचला.

पुढचे दिवस मी तारखांवर घातले. लग्नाची तारीख, मुलीची जन्मतारीख, आमच्या पहिल्या खोलीचा नंबर. तीन-चारदा चुकलं की ते यंत्र उद्या या म्हणून सांगायचं, सरकारी कचेरीसारखं. मी उद्या जायचो. कॅलेंडरवर खाडाखोड वाढत होती. बायको बाजूला बसून डोक्यावर हात नेऊन दाखवायची, मी चार शब्द फेकायचो, ती तोंड फिरवायची. तेरावा दिवस, चौदावा दिवस.

पवईला गेलो तेव्हा मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी बायकोला विचारलं, "काकू, तुम्हाला पासवर्ड आठवतोय का?" तिने ठामपणे मान डोलावली, हो. "मग दाखवा." तिचा हात डोक्यावर जायच्या आत मी म्हटलं, "ते टोपली दाखवते, पण..."

"काका, तुम्ही बोलू नका."

"मी फक्त..."

"काका. त्या शब्दापर्यंत पोचत असतात, तेवढ्यात तुम्ही दुसरा शब्द मध्ये टाकता. त्यांचा हातातला सुटतो. दीड वर्ष सांगतेय मी तुम्हाला."

मी गप्प झालो. राग आला होता, माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान मुलगी. मग त्यांनी समजावलं. काकूंना एकटा शब्द मागितला तर सापडत नाही, पण लहानपणापासून एका ओळीत म्हणत आलेलं असतं ते सलग बाहेर पडतं. म्हणून त्या आरती अख्खी म्हणतात, एक ते शंभर मोजतात, पण "पाच म्हणा" म्हटलं की अडतात. "शब्द ओळीत असेल तर ओळ म्हणायला लावा आणि त्यांना त्यांच्या जागी थांबू द्या. तुम्ही थांबवू नका."

सतराव्या दिवशी मी मरोळच्या बाजारात बोंबील आणायला गेलो. समोरून एक कोळीण चालत आली, डोक्यावर पाटी, डावा हात पाटीला, उजवा कमरेवर. मी मध्येच उभा राहिलो. मागचा माणूस माझ्यावर आदळला आणि त्याने मला शिवी घातली. बरोबरच होती.

टोपली नव्हे, पाटी. तिच्या आईची पाटी. सासूबाई याच बाजारात बसायच्या. कारखान्यातून सुटलो की मी इथून जायचो, आणि त्यांच्या बाजूला फळकुटावर बसलेली त्यांची मुलगी एका लयीत ओरडायची, मासे लावलेले असत त्याच क्रमाने, लहानापासून मोठ्यापर्यंत. मला माशांतलं काही कळत नव्हतं. मी आपला रोज तेच ते मागायचो, कारण तेवढा एकच मासा मला नावाने ओळखता येत होता. त्या मुलीकडे बघता यावं म्हणून घेतलेले मासे मी घरी आईच्या हातात द्यायचो आणि आई कपाळाला हात लावायची.

बोंबील न घेताच घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला म्हटलं, "चल, मरोळला." तिने माझ्याकडे पाहिलं आणि आठवडाभरात पहिल्यांदा स्वतः उठून चपला घातल्या. रिक्षातून उतरून बाजाराच्या ओल्या फरशीवरून तिला नेणं सोपं नव्हतं. एक पाय ओढत, माझा खांदा धरून, ती थांबत थांबत चालली. मी दोनदा परत जाऊया म्हटलं. दोनदा तिने माझ्या खांद्यात नखं रुतवली.

तिच्या आईच्या जागेच्या जवळपास एक म्हाताऱ्या कोळीणबाई बसतात. त्यांनी हिला लांबूनच ओळखलं. "ये गो बाय, बस हितं." त्यांनी फळकुटावर जागा केली. हिचं काय झालंय ते त्यांना माहीत होतं. त्यांनी काही विचारलं नाही, समोरचे मासे नीट लावले आणि आपलं गिऱ्हाईक बघायला लागल्या.

मी समोर उभा. खिशात पेन, हातात वही, आणि तोंड घट्ट बंद. मिनिट गेलं. बायको माशांकडे बघत होती. तिचे ओठ हलले आणि माझ्या जिभेवर सात माशांची नावं येऊन उभी राहिली. मी जीभ दाताखाली धरली. अजून एक मिनिट. गिऱ्हाईकं मला ढकलून पुढे जात होती. एवढा वेळ गप्प राहणं मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

मग तिने श्वास घेतला आणि आवाज आला. आधी घोगरा, मग वर चढलेला, तोच, फळकुटावरच्या मुलीचा. "जवळा... करंदी... मांदेली..."

ती थांबली. माझं मनगट धरलं आणि गदागदा हलवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. म्हाताऱ्या कोळीणबाईंनी पदर डोळ्याला लावला. मी वहीत लिहिलं, मांदेली. मी तिच्या आईकडे रोज मागायचो तो मासा.

आता पासवर्ड बदललाय, म्हणून सांगायला हरकत नाही.

आम्ही घरी पोचलो आणि मुलगी बोरिवलीहून आली. बायकोने बोटांनी चार दाखवले, म्हणजे पुढे चार आकडे. मी खुर्चीत हात मांडीखाली दाबून बसलो. तिने शून्यापासून मोजायला सुरुवात केली, आणि हव्या त्या आकड्याला टेबलावर थाप मारली. मुलीने लिहिला. पुन्हा शून्यापासून, पुन्हा थाप. तिसरा आकडा आला तेव्हा मी वाकून मुलीच्या कागदाकडे बघितलं. चौथा तिने म्हणायच्या आधीच मला माहीत होता आणि मी तो म्हटला नाही.

तो माझा टोकन नंबर होता. कारखान्याच्या फाटकावर रोज सकाळी लावायचा तो. दहा दिवस मी सगळ्यांच्या तारखा टाकून बघितल्या, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आपला नंबर कुणी एवढा जपून ठेवेल असं कशाला वाटेल? मी उठून गॅलरीत गेलो. मुलीने आतून हाक मारली, "बाबा, उघडलं!"

टोपलीत सगळं होतं. अठरा दिवस झाले होते. मुलीने एक बटण दाबलं आणि आम्ही तिघं जी रॅकसमोर बसलो. फायली एकेक करून परत जागेवर यायला लागल्या. मी वही काढून खुणा करत गेलो. दोनशे चौदावर खूण झाली तेव्हा बायको म्हणाली, "अहो." हा अहो ओळखीचा होता. आता चहा टाका.

पण त्याआधी तिने माउस सरकवला आणि पहिली फाइल लावली. मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

सुरुवातीला तिचा श्वास ऐकू येतो. मग "च..." आणि लगेच माझा आवाज. "चहा! अगं, चहा म्हण. सोपं आहे. चहा. च, हा. कप दिसतोय ना? मग म्हण ना! चहा!" मध्ये कुठेतरी तिचा बारीक "अ" आणि त्यावर पुन्हा मी. शेवटी मुलीचा आवाज, "बाबा, बंद कर ना," आणि फाइल संपते. तिला मिळालेला सगळा वेळ मिळून एक श्वास असेल.

दीड वर्ष ती रोज सकाळी हे ऐकत होती. हसायची ती मला. मला वाटलं होतं ती आपण कुठून निघालो ते बघते. मी मान खाली घातली. बायकोने डाव्या हाताने माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या, बऱ्यापैकी जोरात.

त्यानंतर मी रॅक झाडत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला मुलगी जीमधल्या फायलींची एक प्रत खरोखरची डीमध्ये ठेवते. एक माल, दोन जागा. मी वहीत तसं लिहूनही ठेवलंय, सहीसकट. सराव पुन्हा सुरू झाला. मी भाजी चिरणं सोडून तिच्या शेजारी बसतो, पण शिकवायला नाही. माझं काम गप्प बसणं. ते शिकायला मला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागतोय.

मागच्या आठवड्यात पडद्यावर पुन्हा कपाचं चित्र आलं. तिने पाहिलं. मी खुर्चीचा दांडा धरून बसलो. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. तिचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मी काही बोललो नाही. मग ती म्हणाली, "चहा." स्वच्छ, एकटा शब्द, कुठल्याही ओळीत नसलेला.

संध्याकाळी मुलीचा बोरिवलीहून फोन आला. चहाची फाइल दोनदा ऐकली असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, फाइलमध्ये आई बोलायच्या आधी बारा सेकंद काहीच नाहीये. मॅडमना पाठवायच्या आधी ती रिकामी जागा कापून टाकू का?"

मी म्हटलं, हात लावू नकोस. फायलीतला तेवढा भाग माझा आहे.